उलट्या पावलांची पाळी

३ मार्च, सोमवार

अखेर बोटीवर पाय ठेवला! धाकटी बहीण धक्क्यावर सोडायला आली होती. जिला गच्चीच्या कठड्याशी उभं राहिलं तरी गरगरतं, ती महिनाभर समुद्रावर काय दिवे लावणार, असं ती मला येताना तीनदा म्हणाली. ती दिसेनाशी होईपर्यंत मी हात हलवत होते आणि अजून तरी पोटातलं पोटात आहे.

माझी केबिन म्हणजे कपाटच. फळीवर अंथरूण, गोल खिडकी, नकाशांच्या गुंडाळ्या ठेवायला डोक्यावर जाळी. या किनाऱ्यावर कारखान्यांनी वसवलेली सहा गावं आहेत. रस्ता त्यांना कधीच नव्हता, सगळी ये-जा समुद्रावरून. कारखाने बंद पडले तशी माणसं उठून गेली. कुठली भिंत उभी आहे, कुठली आज-उद्या बसेल, याचे नकाशे मी काढायचे. पाडायचं की ठेवायचं ते नंतर ऑफिस ठरवणार.

बोटीवर माझ्याशिवाय तिघंच. कप्तानकाका मोजून-मापून बोलतात. त्यांच्या वाट्याचं बोलणं त्यांची बायको उरकते, तिला सगळे काकी म्हणतात. स्वयंपाकघर तिच्या ताब्यात, आणि माझ्या मते बोटही. तिसरा मिस्त्री, इंजिन सांभाळणारा. त्याने मला पहिल्याच तासात ‘नकाशेताई’ करून टाकलं.

५ मार्च, बुधवार

पहिलं गाव. मासळी डब्यात भरायचा कारखाना. छप्पर उडालंय, पण डब्यांची झाकणं हजारोंनी पडलेली, गंजून एकमेकांना चिकटलेली. कामगारांच्या घरांच्या चार रांगा, शाळा, मॅनेजरचा बंगला. बंगल्याच्या बाथटबमध्ये कमरेएवढं गवत.

काकी प्रत्येक घराच्या दारात थांबून आधी विचारते, “आहे का कोणी घरात?” मगच आत पाऊल टाकते. मिस्त्री हसून हसून बेजार. काकी म्हणाली, लोकांच्या घरात न विचारता शिरायचं वळण आपल्याला नाही. तीस वर्षांपूर्वी गेलेत म्हणून काय झालं!

दिवसभरात अकरा इमारती मोजल्या. परत आल्यावर काकीने नातीसाठी विणायला घेतलेला निळा स्वेटर दाखवला. एक बाही पूर्ण झालीय.

८ मार्च, शनिवार

दुसरं गाव काचेच्या बाटल्यांचं. किनाऱ्यावर वाळूऐवजी काचेचे तुकडे, लाटांनी गुळगुळीत झालेले. काम वेळेत संपलं, तरी कशात मन लागेना. दुपारी तीनदा वही उघडली आणि मिटली. काकी म्हणते, जमिनीची सवय सुटताना असं होतंच.

१० मार्च, सोमवार

तिसरं गाव. दोरखंडाचा कारखाना.

एवढी लांब इमारत मी आयुष्यात मोजली नव्हती. एकच शेड, रुंदीला जेमतेम बारा पावलं, लांबीला चारशेच्या वर. आत उभं राहिलं की पलीकडचं दार टपाल तिकिटाएवढं दिसतं. जमिनीवर मधोमध पायांनी झिजून खोलगट झालेली वाट.

कप्तानकाकांचे मामा अशाच एका कारखान्यात होते. काकांनी सांगितलं, की कमरेला तागाचा भारा बांधायचा, त्याचं टोक चाकाच्या आकड्याला अडकवायचं, आणि हातांनी ताग सोडत, पीळ देत मागे मागे चालायचं. शेडच्या टोकापर्यंत. मग पुन्हा पहिल्यापासून. मामा म्हणे सुट्टीच्या दिवशीही अंगणात उलटे चालायचे.

पलीकडच्या टोकाला दोराचं एक वेटोळं होतं. नवंकोरं. तेलाचा वास येणारं, पांढुरकं. बाकी सगळ्यावर बोटभर धूळ, याच्यावर कण नाही.

बोट बांधायचा आपला पुढचा दोर कुजलाय, हे तर देवानेच पाठवलं, असं मिस्त्री म्हणाला. काकीला पटलं नाही. ती म्हणाली, “आपलं नाही त्याला हात लावू नये.” मिस्त्रीने विचारलं, मग कोणाचं आहे ते सांगा, त्याला विचारून घेतो. कप्तानकाकांनी जुना दोर आठवून बराच विचार केला आणि शेवटी घ्या म्हणाले.

वेटोळं जड होतं. चौघांनी मिळून धक्क्यापर्यंत ओढत आणलं.

११ मार्च, मंगळवार

पुढच्या गावाकडे निघालो. वारा जोराचा. वाटेत एका खडकाला बोट बांधावी लागली. दोर पक्का निघाला.

तळवे खाजतात. काकीचेही. तिने तेल लावून दिलं.

चहा घेताना पाहिलं, मिस्त्रीचे हात चालूच होते. अंगठा बोटांवरून पुढे, पुन्हा पुढे, हवेत काहीतरी वळत असल्यासारखे. काकीने विचारलं, जपमाळ ओढतोस की काय रे? त्याने हातांकडे पाहिलं आणि दचकला. त्याला माहीतच नव्हतं. मग हात मांड्यांखाली दाबून बसला. चहा तसाच निवला.

१२ मार्च, बुधवार

काकीने स्वेटर उसवला.

सकाळी स्वयंपाकघरात गेले तर ती स्टुलावर बसलेली. बाही पूर्ण उसवली होती, पाठ अर्धी, आणि मांडीवर निळ्या लोकरीची घट्ट, सुरेख दोरी. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ती म्हणाली, “पोरी, माझे हात धर गं. ऐकतच नाहीत.” मी दोन्ही मनगटं धरली. माझ्या मुठीत तिची बोटं वळतच राहिली.

कप्तानकाकांनी तो दोर कुऱ्हाडीने तोडून समुद्रात टाकला.

काही फरक नाही.

१३ मार्च, गुरुवार

मिस्त्री डेकवर उलटा चालतो. मागे मागे, केबिनच्या भिंतीला पाठ आपटेपर्यंत. मग पुढे येऊन पुन्हा. पाठीवर रक्त आलंय. थांब म्हटलं तर अजिजीने म्हणतो, “ताई, इथे जागा पुरत नाही हो.” बोट वळवा म्हणून कप्तानकाकांच्या पायाही पडला. त्यांनी त्याला उठवून जवळ घेतलं आणि नाही म्हणून सांगितलं.

वहीत लिहिताना माझा उजवा हात शांत असतो. डावा नाही. म्हणून जास्त लिहितेय.

१४ मार्च, शुक्रवार

सकाळी वर आले तर समोर तोच धक्का. तीच लांब शेड. पहाटे कप्तानकाकांचा डोळा लागला तेवढ्यात मिस्त्रीने बोट फिरवली होती. तो उतरून गेलेला, आणि इंजिनची इंधनाची नळीही नेलेली.

कप्तानकाकांनी रेडिओवर मदत मागितली. रविवारी लाँच येईल, असं तिकडून सांगितलं.

नळी आणायला तिघंही गेलो. काकीला एकटं ठेवायची हिंमत झाली नाही. चूक झाली.

मिस्त्री आत होता. कमरेला ताग, तोंडावर हसू, मागे मागे चालत. ताग कुठून आला? शेडच्या त्या टोकाला चाक फिरत होतं. फिरवणारं कोणी नव्हतं. मी नीट पाहिलं. कोणी नव्हतं.

नळीचं विचारलं तर त्याने ओळख नसल्यासारखं पाहिलं आणि मलाच विचारलं, “तुमची पाळी कुठली?”

तेव्हाच भोंगा झाला. दुपारचे दोन. या गावात वीज नाही, वाफ नाही, भोंग्याचा पत्राही गळून पडलाय. मीच नकाशात तसं लिहिलं होतं. काकीने पदर खोचला, उशीर झालेल्या माणसासारखी घाईने आत गेली. कप्तानकाकांनी तिला कमरेला धरून ओढलं. तिने त्यांना असं ढकललं, की ते पडले. चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच, म्हणाले.

मी त्यांना बोटीवर आणलं. ते अंधार पडेपर्यंत शेडच्या दाराकडे बघत बसले. त्यांचे हात—

१५ मार्च, शनिवार

कप्तानकाका गेले. भोंगा व्हायच्या आधी. स्वतःहून, शुद्धीत. मी आडवी आले तर म्हणाले, “तिला सोडून घरी जाऊन मी काय करू? चुलीपुढे एकटा बसू?” माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात थरथरत नव्हता, वळत होता.

लाँचला सावध करायला हवं. रेडिओजवळ गेले.

रेडिओची वायर सोललेली. आतल्या तांब्याच्या तारा काढून वळलेल्या. फार सुबक काम. नखांत तांबं माझ्याच आहे. कधी केलं—आठवत नाही.

१६ मार्च, रविवार. सकाळ

लिहीत राहायचं. लिहिलं की हात थांबतो.

शेड आता पुरत नाही त्यांना. दारातून बाहेर आलेत. तिघांच्या पाठी. उतारावरून मागे मागे, धक्क्याकडे. तोंडं दिसत नाहीत. काकीचा अंबाडा. कप्तानकाकांची टोपी. मधून दोर लांबत येतोय, पांढरा—

त्यांच्या पलीकडची रिकामी वाटही दबतेय. गवत. पावलांनी. कोणाच्या—

दुपार

लाँच दिसली. खरीच आहे. चार-पाच माणसं, हात हलवतायत. एवढं रडू कधी आलं नव्हतं.

पाठी बोटीपाशी आल्यात. काकीने मागे न बघता दोराचं टोक डेकवर टाकलं. माझ्या पायाशी. मी हात लावणार नाही. लिहितेय. लिहितेय मी.

लाँचवाल्यांनी ओरडून दोर मागितला. जवळ आलेत. एकजण वाकून दोन्ही हात पुढे करून उभा आहे, हसतोय. नको म्हणून ओरडायचंय. पेन्सिल डाव्या हातात कशी आली? उजवा हात कुठे—

उजव्या हाताने तो दोर उच