भात्याच्या कॅमेऱ्याची पेटी

अहो,

ही चिठ्ठी हातात पडली म्हणजे भात्याच्या कॅमेऱ्याची पेटी तुम्ही उघडलीत आणि पुण्याचे पाहुणे समोर बसलेत. संग्रह दाखवताना सुरुवात हिच्यापासूनच करणार, हे मला ठाऊक होतं.

चहाचं आधण तुम्हीच ठेवा. चिवडा पितळी डब्यात आहे. मी दुपारच्या एसटीने जामखेडला दादाकडे गेले.

गेल्या दसऱ्याला जुने कॅमेरे जमवायचं तुमच्या मनाने घेतलं, तेव्हा हाच पहिला घरात आला. तुम्ही माझ्या आईला अंगणात खुर्चीवर बसवलंत. ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली. "जावईबापू, पदर नीट हाय का?" असं तिने दोनदा विचारलं. तुम्ही "हलू नका" म्हणालात आणि ती भर उन्हात पापणी न लववता बसून राहिली. गावी परतल्यावर घरोघर सांगत सुटली, जावयानं माझा फोटू काढलाय म्हणून.

तिच्या दहाव्याला मी तो फोटो मागितला. तेव्हा तुम्ही म्हणालात, त्यात फिल्म नव्हतीच, त्या मापाची आता मिळत नाही. म्हातारीचं मन राखलं, इतकंच.

फोटोसाठी मारून ठेवलेला खिळा अजून भिंतीत आहे.

सातही कॅमेरे माझ्या ट्रंकेत आहेत. पेट्या मात्र पुसून, पट्टे लावून, रांगेत मांडून ठेवल्यात. एकेक उघडून दाखवा. पाहुण्यांनी काही विचारलंच तर सांगा, तुमचं मन राखलं, इतकंच.

इंदुमती