संगणकाची पूजा

१ ऑक्टोबर २०२५, खंडेनवमी
शाळेच्या संगणक कक्षात पूजा. मुख्य संगणकाला झेंडूचा हार, सीपीयूला हळदकुंकू. नारळ मीच फोडला, सीपीयूशेजारी फरशीवर. पाणी उडालं. उडणारच.
प्रसाद वाटून परत येते तर नववीतली शीतल राठोड सीपीयूमागे वाकलेली!
"बाई, मी फक्त—"
"हात काढ!"
कक्षाबाहेर काढलं. आयसीटीचा तास माझ्याकडे आहे, शिस्तही माझीच.

३ ऑक्टोबर
मुख्य संगणक सुरू होईना. कोणी बिघडवला ते उघड आहे. शीतलला कक्ष बंद. हिंगोलीच्या संगणक स्पर्धेला तिच्याऐवजी योगेश जाईल. सांगितलं तर रडली नाही, नुसती खाली बघत उभी. निगरगट्ट!

९ ऑक्टोबर
हिंगोलीहून दुरुस्तीवाला दिपक आला. सीपीयूची बाजू काढली — आत मुंग्याच मुंग्या! चिकट थर, त्यात खोबऱ्याचा कपचा.
"बाई, मशीनला प्रसाद चारला का?" दिपक हसून राहिला.
म्हणाले, "पोरांचा काही नेम नाही."
मी म्हणाले हे. मी! बी.एस्सी. झालेली, विजेच्या वस्तूशेजारी नारळ फोडणारी.

१० ऑक्टोबर
आज सांगणार होते. नाही सांगितलं.

१३ ऑक्टोबर
योगेश स्पर्धेहून परतला. तोंड एवढंसं.
"एक्सेलमध्ये फॉर्म्युला टाकायचा व्हता, बाई. मला कुठं येतो? शीतलला बराबर येतो. तिला काहून न्हाई धाडलं?"
"जागेवर बस," म्हणाले. त्याला गप्प करणं सोपं. चार दिवस हातात होते, तिलाच पाठवता आलं असतं. माझी अब्रू सांभाळत बसले.

१४ ऑक्टोबर
भर वर्गात सांगितलं — संगणक माझ्या नारळाच्या पाण्यानं बिघडला. शीतलचा काही दोष नाही. तिची माफी मागितली. मागच्या बाकावरून कुजबुज, "बाई सॉरी म्हणल्या बे!" आज कोणाला रागावले नाही.
शीतलनं फक्त मान हलवली. वाटलं, सुटले.

१५ ऑक्टोबर
शीतलला सहज विचारलं, "त्या दिवशी मागे वाकून करत काय होतीस?"
"ओढणीनं पुसून राहिले व्हते, बाई. पानी आत चाललं व्हतं."
"मग थांबलीस का?"
"तुमी म्हनल्या, हात काढ."