फळ्यावरची रिकामी जागा

बेंगळूर, ७ ऑक्टोबर २०२५

प्रिय अण्णा,

मोठ्या भावाला साष्टांग नमस्कार घालायचा असतो, पण मी विमानतळावरच्या आमच्या कँटीनमध्ये बसलेय, तेव्हा मनातल्या मनात घातला असं समज. फोन सोडून पत्र लिहितेय याचं नवल वाटेल. आई तुझा फोन स्पीकरवर टाकून बसते आणि माझा आवाज ऐकला की तिला सगळं कळतं. आमच्या केबिन क्रूमधला शंतनु दुपारच्या पुण्याच्या विमानावर ड्युटीला आहे. तो पत्र तुझ्या हातात देईल.

इकडे सगळं ठीक. रविवारी आईला विमानानं आणू नकोस. रेल्वेनं या. स्टाफचं तिकीट मिळालं नाही असं सांग. रुसेल, रुसू दे.

कंपनीचं तुला माहीतच आहे. इथल्या शेठची आणि परदेशी कंपनीची भागीदारी झाली तेव्हा तिकीट व्होल्वो बसपेक्षा स्वस्त होतं, अकरा विमानं होती, आणि आईनं आख्ख्या गल्लीला माझा बिल्ला दाखवला होता. उन्हाळ्यात परदेशी लोकांनी अंग काढून घेतलं. त्यांची विमानं गेली, माणसं गेली. आता दोन विमानं उरलीत. नवा भागीदार पाहणीला येणार, म्हणून सगळे देव पाण्यात ठेवून बसलेत.

रेल्वेनं का, हे तू विचारशीलच. सांगते, पण आईला वाचून दाखवू नकोस.

हत्यारांची खोली माझ्या ताब्यात असते. फळ्यावर प्रत्येक हत्याराचा आकार रंगवलेला आहे. एक जरी जागा रिकामी दिसली तरी हत्यार सापडेपर्यंत विमान हलवायचं नाही. परदेशी साहेब खंडेनवमीलासुद्धा हत्यारं खाली काढू द्यायचा नाही, हळदकुंकू फळ्यावरच. यंदा तो नव्हता. मीच म्हटलं, आजोबा इथल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात मांडायचे तशी खाली मांडून पूजा करू. पूजा चालू असतानाच निरोप आला की विमानाच्या शेपटीजवळचं एक झाकण नीट बसत नाहीये. आमचे जुने मेकॅनिक गुंडूमामा, त्यांनी पूजेतलाच स्क्रूड्रायव्हर उचलला. गडबडीत नोंद राहिली. विमान उडालं, आणि नंतर हत्यारं परत टांगून बघते तर फळ्यावर एक जागा रिकामी.

"मी परत ठेवला होता गं, स्वल्प, जरा नीट बघ," मामा म्हणाले. तोंड पांढरं पडलं होतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण विमान उभं राहिलं असतं, पाहणी बोंबलली असती, सगळे रस्त्यावर आले असते. मी इथल्या शिवाजीनगरच्या बाजारात गेले, तसाच स्क्रूड्रायव्हर आणला, त्याला कुंकू लावलं आणि फळ्यावर टांगला. तेव्हापासून ते विमान उडालं की उतरल्याचं कळेपर्यंत मी घड्याळ बघत बसते. शेपटी हलवणाऱ्या तारांत तो अडकला तर? भीती वाटते, अण्णा. फार भीती वाटते.

आत्ता शंतनु येऊन गेला. "अक्का, झालं का पत्र? बोर्डिंग सुरू होईल. आईंसाठी मैसूरपाक घेऊ?"

तो त्याच विमानावर आहे. लिहायला बसले तेव्हाही मला माहीत होतं. आईला ज्या विमानात बसवू नको म्हणतेय, त्याच विमानानं हे पत्र पाठवायला निघाले होते. त्याच्या हातात, आणि एवढ्या सगळ्या माणसांबरोबर.

पत्र दिलं नाही त्याला. जाते.

संध्याकाळ झाली. मुख्य इंजिनिअरांना सगळं सांगितलं. आत बसलेली माणसं खाली उतरवली. शिव्या खाल्ल्या, बिल्ला काढून घेतला. झाकण उघडलं तेव्हा मामांनी मला हाक मारली. स्क्रूड्रायव्हर तारेला टेकून पडला होता. मुठीवरचं कुंकू तसंच होतं. मी तिथंच खाली बसले.

नवा भागीदार येत नाही म्हणे. उद्यापासून आमचं एकही विमान उडणार नाही. मामा नंतर माझ्याशी बोलले नाहीत.

हे पत्र पोस्टानं येईल. आईला आता खरं काय ते सांग.

शंतनु आज पुण्याला पोचला नाही. घरी जेवायला गेला.

तुझी
रम्या