स्प्रिंगचे चार वेढे

प्रिय पैलवान,

हॉस्पिटलात तीनदा आलो आणि तिन्ही वेळा वहिनींनी दिलेला चहा पिऊन, हवापाण्याच्या गप्पा मारून परत गेलो. तोंडाने जमेना, म्हणून लिहितोय. अक्षर कोंबडीच्या पायांचं आहे, खुशाल हस.

तो दिवस डोळ्यांपुढून हलत नाही. भर दुपारी दोघं कोयते घेऊन गोदामाच्या फाटकातून घुसले. तू पहिला बार उडवलास, एकाचा गुडघा फुटला, तो आडवा झाला. तू बंदुकीची पुढची मूठ मागे ओढलीस, पुढे ढकललीस, चाप दाबलास, तर नुसतंच टक्‌. बॅरलखालच्या नळीतलं दुसरं काडतूस वर आलंच नव्हतं. पुन्हा ओढलीस, पुन्हा तेच. तोवर दुसऱ्याने ड्रायव्हरकाकांच्या मानेवर घाव घातला होता. तू बंदूक उलटी धरून दस्त्याने त्याचा जबडा फोडलास, पण तुझी डाव्या हाताची तीन बोटं फरशीवर पडली. मी वरून जिना उतरेपर्यंत सगळं आटोपलं होतं. काकांचं रक्त माझ्या बुटांत शिरलं. ते बूट मी जाळून टाकले.

चौकशीच्या साहेबांनी नळीत पाच काडतुसं भरून पाहिली. दोनदा मूठ ओढली, दोन्ही वेळा काडतूस धडकन वर आलं. झालं! बंदूक ठणठणीत, म्हणजे पैलवान घाबरला आणि त्याने मूठ अर्धीच ओढली. तुझ्यामुळे काका गेले, असं काकांची मुलगीसुद्धा म्हणायला लागली, आणि तूही मान खाली घालून ऐकून घेतलंस. अरे, ताटातलं शीतही न टाकणारा तू, मूठ अर्ध्यावर सोडशील? मला साहेबांचा नाही, माझाच संताप आला.

दोन महिन्यांपूर्वी मी नळीत नवी स्प्रिंग घातली, आठवतं? ती वीतभर बाहेर यायची आणि नळीच्या तोंडाची टोपी लावताना दर वेळी उसळून माझ्या तोंडावर बसायची. मी शहाणपणा केला. पक्कड घेतली आणि तिचे चार वेढे कापून टाकले. टोपी मुकाट बसली, मी स्वतःवरच खूश झालो. नळी भरलेली असली की आखूड स्प्रिंगही काडतूस ढकलते. पण आपल्याला ऑफिस काडतुसं देतं दोनच, एक वर बॅरलमध्ये आणि एक नळीत. त्या एकट्यापर्यंत तिचा जोर पोचत नाही. परवा बंदूक परत आल्यावर मी नळीत एकच भरून पाहिलं. दहा वेळा मूठ पुरती ओढली. सात वेळा काडतूस आलं नाही.

आज सकाळी साहेबांपुढे हेच करून दाखवलं आणि इथवरचं पत्र त्यांना वाचायला दिलं. त्यांनी माझ्या सहीची प्रत ठेवून घेतली. मग काकांच्या मुलीकडे गेलो. तिने माझ्या थोबाडीत मारली. तुझ्याकडे सगळ्यात शेवटी येतोय, कारण मी तुला ओळखतो. हे आधी तुझ्या हाती पडलं असतं, तर उरलेल्या बोटांनी तू ते फाडून टाकलं असतंस आणि साहेबांना जाऊन सांगितलं असतंस की मूठ मीच अर्धी ओढली.

तुझाच,
दीडशहाणा मिस्त्री