मोब्रेबाईंची भाऊकी

मंगळवार, संध्याकाळ. कॉव्हेंट्री.

मी ज्यांचं करायला जायचे त्या मोब्रेबाई गेल्या. उद्या अकराला फ्युनरल, आणि यायला माणूस एक नाही. इथे रोड मोब्रे, पब मोब्रे, बागसुद्धा मोब्रे! शेवटी मोब्रे खाटकालाच गाठलं. म्हटलं, "तुमच्या भाऊकीतली म्हातारी गेली, या."

"नो रिलेशन, लव्ह," म्हणाला आणि मटण कापायला लागला.

लेक हसली. "आई, ते जुन्या लॉर्डचं नाव आहे. सेम सरनेम म्हणजे फॅमिली नसते गं!"

नसेल. पण आमच्या गावी आडनाव एक म्हटलं की सुतक नसलं तरी माणसं खांदा द्यायला येतात. नो रिलेशन म्हणे! माझं तरी कुठलं रिलेशन? तीन वर्षं त्यांचे केस मीच विंचरले ना?

उद्या पुढे, घरच्यांच्या बाकावर मी बसणार. कोण उठवतं बघतेच.