दुसऱ्यांदा आवळायचा पट्टा

ता. १४ मार्च, मंगळवार

चि. भिंगरीस आईचे आशीर्वाद.

आई नावाचा प्राणी आठवतो का? ठेंगणा, दात तीन, तबेल्याच्या दाराशी बसलेला असतो. दोन वर्षांत चार ओळी नाहीत! विसरण्याला बक्षीस असतं तर तुझं घर भरून गेलं असतं. पत्र नालवाला लिहून देतोय. अक्षर वाकडं आलं तर त्याला बोल लाव, मला नको.

मी बरी आहे. नुसतं बसवत मात्र नाही. आज सकाळपासून तबेल्याला सात फेऱ्या झाल्या.

आता तुझ्या चिमणीचं. पाय मोकळे व्हावेत म्हणून जावईबापू तिला दर मंगळवारी इथे घोड्यावर बसवायला आणतात. व्यायामाच्या बाई तिचे पाय बघतात, घोडा मी निवडते. मी तिला धोंडावर बसवलं. गरीब जनावर, कानाशी ढोल बडवलास तरी जांभई देईल. पण पाठ पलंगाएवढी! पोरीच्या आखडलेल्या मांड्यांना कळ लागायची, ओठ चावून बसायची. असे तीन मंगळवार. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं गं. तिला निरुंद पाठ हवी, लांब मऊ चाल हवी. तशी इथे एकच आहे, मखमल.

लगेच फणा काढू नकोस. "त्या घोडीवर माझी पोर बसणार नाही," असं लंगडत जाताना बजावून गेलीस. बसवलेली नाही. नुसती शेजारी उभी केली, तर चिमणीने तिच्या मानेत तोंड खुपसलं.

नालवाला म्हणतो, "आजी, मुद्द्यावर या, चहा निवतोय." निवू दे मेल्या.

मखमल लबाड, तुला ठाऊकच आहे. पोटाचा पट्टा आवळताना पोट फुगवते. म्हणून चार पावलं चालवायची आणि पुन्हा आवळायचा. इथे सगळ्यांना मीच शिकवलं. तू फेरीला बसलीस त्या दिवशी मी गप्पांत रमले. दुसऱ्यांदा आवळलाच नाही. खोगीर फिरलं, तू पडलीस. घोडी बिथरली, असं सगळे म्हणाले. मीही मान डोलावली.

विसराळू तू नाहीस, बाळ.

नालवाल्याचा हात थांबलाय. लिही म्हटलं, सगळं लिही.

येत्या मंगळवारी ये. पट्टा तू आवळ, दोन्ही वेळा. नाही म्हणालीस तर मखमलीवर ती बसणार नाही. पण धोंडावरही मी तिला पुन्हा बसवणार नाही.

तुझीच,
अंगठा उठवणारी आई

ता. क. यायचं नसेल तर जावईबापूंबरोबर सफरचंदं पाठव, अख्खी. फोडी करून पाठवू नकोस. फोडी मखमल अजून फक्त तुझ्याच हातून खाते.