वर्गात मास्तर सापडेनात

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (गुडघे दुखतात म्हणून तो मनातल्या मनात घातला आहे, तसाच गोड मानून घे.) इकडे सगळे बरे आहोत, म्हणजे अंथरुणाला खिळलेलं कोणी नाही. तुझ्या भावजयीचा खोकला गेला, तो आता माझ्याकडे मुक्कामाला आहे. तिकडे तुझी कंबर कशी आहे, नात झोपू देते का, भाचा वेळेवर घरी येतो का आणि भाचेसुनेने तुला स्वयंपाकघरात अजून पाऊल टाकू दिलं की नाही, ते सविस्तर लिही. फोनवर तू सगळ्यालाच 'छान' म्हणतेस. शाळेत तू मुलांना निबंधात 'छान' हा शब्द वापरू द्यायची नाहीस, एवढीच आठवण करून देतो.

पत्रास कारण की, माझा वर्ग माझ्या हातून जायच्या बेतात आहे, आणि तो राखायचा कसा हे तुझ्याशिवाय कोणाला विचारावं ते मला सुचत नाही. पहिल्यापासून सांगतो. तू निवृत्त होऊन भाच्याकडे गेलीस आणि तुझी खोली नव्या बाईंना मिळाली. बाई चांगल्या आहेत, पण त्यांच्या वर्गात पंख्याखेरीज कोणी बोलत नाही. आपल्या दोन वर्गांच्या मध्ये नुसती लाकडी फळ्यांची भिंत, त्यामुळे इतकी वर्षं मी भूगोल शिकवला तो तुझ्या मुलांच्या हसण्याच्या साथीवर. मी इकडे वाऱ्यांच्या दिशा सांगायचो, तिकडे तुझी मुलं एखाद्या कवितेवरून हमरीतुमरीवर यायची. मी भिंतीवर डस्टर आपटायचो, पलीकडून तूही आपटायचीस, आणि दोन्ही वर्ग खूश व्हायचे. आता पलीकडे शांतता आणि अलीकडेही शांतता. खरं सांगतो ताई, तो गोंगाट मला ऐकावासा वाटतो. मधल्या सुट्टीत तर फारच वाटतं, कारण माझा डबा हल्ली मलाच पुरून उरतो, पळवणारं कोणी नाही. (तुझ्या भावजयीला वाटतं मला जेवण जात नाही. ती काढे करते. तू गेल्याची शिक्षा अशी सगळीकडून चालू आहे.)

असंच एकदा नद्यांचा धडा संपवून मी नेहमीप्रमाणे विचारलं, कळलं का? सगळे एका सुरात हो म्हणाले. काय कळलं, म्हटल्यावर मात्र सगळे खाली बघू लागले, जणू नदी बाकाखालूनच वाहते आहे. शेवटी पहिल्या बाकावरची मुलगी उठली. (हिला आम्ही वकीलबाई म्हणतो, कारण हरकत घेतल्याशिवाय ती खाली बसत नाही.) म्हणाली, "सर, तुम्ही विचारता म्हणून आम्ही हो म्हणतो. नाही म्हटलं तर तुम्ही तेच पुन्हा सांगता." मला राग यायला हवा होता. आला नाही, तुझी आठवण आली. तू कधी 'कळलं का' विचारायची नाहीस. 'तुला काय वाटतं?' असं विचारायचीस आणि मग खरोखरच उत्तराची वाट बघायचीस, मग ते पोर कितीही अडखळो. मी ठरवलं, आजपासून आपणही मुलांचं ऐकायचं. वर्ग त्यांचा, आपण सोबतीला. घरी हे जाहीर केलं तेव्हा तुझी भावजय म्हणाली की आधी घरात कोणाचं तरी ऐकून सराव करा.

सुरुवात म्हणून मी टेबल-खुर्ची बाहेर काढली आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. समोर कोणी उभं नसलं की मुलं मोकळी होतील, अशी माझी भाबडी कल्पना. पण आपल्या शाळेचा नियम तुला ठाऊक आहे, शिक्षकांकडे पाठ करायची नाही. बिचाऱ्यांनी आधी माना वळवून पाहिल्या, त्या दुखायला लागल्या. मग सगळा वर्ग उठला, बाकं उचलली, फिरवली आणि अत्यंत आदराने माझ्याकडे तोंड करून बसला. शेवटचं बाक पहिलं झालं आणि मी होतो तिथेच राहिलो, फक्त पाठीमागे फळ्याऐवजी खिडकी आली. मी चडफडत दुसऱ्या टोकाला गेलो. बाकं पुन्हा फिरली. कोपऱ्यात गेलो, बाकं तिरकी झाली. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे कारकून छत कोसळतंय असं समजून कागदपत्रांचे गठ्ठे छातीशी धरून मैदानात धावले. त्यांना पंखा आणि खुर्ची सोडून इतक्या वेगाने बाहेर पडताना मी प्रथमच पाहिलं.

मग आम्ही गोल करून बसलो. काय शिकायचं ते तुम्हीच सांगा, असं म्हटल्यावर पहिलं तोंड उघडलं ते 'सर, हे परीक्षेला आहे का?' असं विचारायला. हसू नकोस. हा प्रश्न त्यांना आपल्यासारख्यांनीच शिकवला आहे. शेवटी मी म्हटलं, आपापल्या घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढा, चूक-बरोबर काही नाही. ताई, माझ्या भिंतीवरच्या नकाशातलं त्यात काहीही नव्हतं. चावरं कुत्रं होतं, पाणी प्यायला देणारा सायकलवाला होता, हमखास पाय घसरतो तो उतार होता. त्या उताराचं पाणी नक्की कुठे जातं यावरून अशी जुंपली की एकाने पुरावा म्हणून बाटलीतलं पाणी वर्गातच ओतलं. नदी वाट कशी शोधते हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं, माझ्या पायमोज्यांनासुद्धा. माझ्या वर्गात गोंगाट झाला ताई! माझ्या वर्गात! आणि नकाशात शाळा काढताना जवळजवळ प्रत्येकाने तुझ्या खोलीवर 'जुन्या बाईंचा वर्ग' असं लिहिलं होतं. नव्या बाई तिथे कधीपासून शिकवताहेत. मी कोणाचीही चूक दुरुस्त केली नाही.

दुर्दैवाने त्याच पाण्यात, न कळवता शाळा तपासायला आलेल्या तपासणीस साहेबांचा पाय पडला. ते भिंतीला धरून कसेबसे सावरले आणि त्यांनी विचारलं, शिक्षक कुठे आहेत? मी लहान मुलांच्या बाकात गुडघे अडकून बसलेला. आदराने उठायला गेलो तर बाकही माझ्याबरोबर उठलं, म्हणून पुन्हा बसलो. वकीलबाई फळ्याशी खडू घेऊन उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "आत्ता मी सांगतेय. साहेब, तुम्ही पण बसा ना, इथे कोरडं आहे." साहेब बसले नाहीत. त्यांनी शेऱ्यात लिहिलं की वर्गात शिक्षक आढळून आले नाहीत. (इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या कामाची एवढी अचूक तारीफ कोणी केली नव्हती, पण साहेबांचा हेतू तो नसावा.)

मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, त्यांनी चहा मागवला. सुट्टीनंतर साहेब पुन्हा येणार. तेव्हाही असाच प्रकार दिसला तर बाकं जमिनीला स्क्रूने पक्की होतील आणि मी खाली, कारकुनांच्या शेजारी, वेळापत्रकं आखायला. ताई, मला आत्ता कुठे शिकवता यायला लागलंय. मुलं आता घंटा झाली तरी उठत नाहीत, बोलणं अर्धं राहिलं म्हणून हळहळतात. हे माझ्याकडून काढून घेतलं तर मला फार वाईट वाटेल. पण मला अजून जमत नाही हेही खरं. कधी बोलायचं आणि कधी गप्प बसायचं, गोंगाट कुठवर चालू द्यायचा, हे तुला कसं कळायचं? तेवढी युक्ती लिहून पाठव. दोन पानं पुरेत. स्वतः येण्याची तसदी मात्र मुळीच घेऊ नकोस. प्रवास लांबचा, नात लहान, आणि तू तिथे रमली आहेस.

नातीला पापा, भाच्याला आशीर्वाद, भाचेसुनेला तिचं स्वयंपाकघर लखलाभ.

तुझा,
आढळून न आलेला भाऊ

ता. क. एक सांगायचं राहिलं. मोठ्या बाई असंही म्हणाल्या की तुमच्या ताई एक सत्रभर तुमच्या वर्गात येऊन बसणार असतील तर साहेबांना मी समजावते. मी त्यांना स्वच्छ सांगितलं, ते शक्य नाही.

ता. क. तसं काही मी सांगितलं नाही. सुट्टी संपली की ताई येते आहे, असं म्हणून बसलो आहे. मुलांनाही सांगून झालं आहे. तुझी भावजय तुझ्यासाठी आतली खोली झाडते आहे आणि मला बोलते आहे, दोन्ही एकदमच.

ता. क. ती युक्ती लिहून पाठवू नकोस. पत्रानेच काम भागलं तर तुला यायला काही कारण उरणार नाही.